उलट्या शिवणीची बंडी

बंडीची शिवण आतल्या अंगाला असते. हे काही कुणाला सांगावं लागत नाही. शिंप्याच्या घरात माझा जन्म झाला, शिंप्याच्याच घरात लग्न होऊन आले, आणि एवढ्या वर्षांत शिवण बाहेर ठेवलेली बंडी आमच्या दुकानातून एकाच माणसासाठी गेली. तीही चुकून नाही, चांगली जाणूनबुजून. तो माणूस म्हणजे थळचा हिराजी तांडेल.

लोक हसायचे. एकानं मला भर रस्त्यात विचारलं, "काय शिंपीणवैनी, तांडेलाला बंडी घालता येत न्हाय का तुमाला शिवता येत न्हाय?" मी म्हटलं, "इकडे ये, तुझी जीभ शिवून देते. कुठल्या बाजूनं शिवू ते तूच सांग." त्यानंतर निदान माझ्या तोंडावर कुणी बोललं नाही. पण खरं सांगते, त्या बंडीनं मला जितकं रडवलं तितकं माझ्या सासूनंही रडवलं नाही.

आमचं दुकान थळच्या कोळीवाड्याच्या तोंडाशी होतं. पुढे ओटा, ओट्यावर ह्यांचं शिवणयंत्र, आणि आत मी काजं-गुंड्या करत बसलेली. भिंतीवर एक घड्याळ होतं. ह्यांच्या भावानं मुंबईहून आणून दिलेलं. सगळ्या वाडीत घड्याळ असं ते एकच, पण त्याची कुणाला गरज पडत नसे. कोळ्यांचं घड्याळ समुद्रात. भरती कधी, ओहोटी कधी, ते बायाबापड्यांनाही तिथीवरून पाठ.

हिराजी होडीचा तांडेल. ज्याच्या हातात सुकाणू तो तांडेल. जाळं कुठं टाकायचं, परत कधी फिरायचं, सगळं त्याच्या शब्दावर. माणूस हा एवढा उंच, छाती रुंद, आणि हात तर विचारूच नका. तो दुकानाशी आला की आधी थाप यायची आणि मग शब्द. "बरा हाय ना, शिंपीदादा?" म्हणून ह्यांच्या पाठीत अशी थाप घालायचा की ह्यांच्या तोंडात धरलेल्या टाचण्या भसकन बाहेर पडायच्या. मग मी चिमटीनं एकेक वेचत बसायची आणि मनातल्या मनात तांडेलाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. वाडीतला एक माणूस त्या थापेतून सुटलेला नव्हता. खलाशी, सावकार, पोस्टाचा शिपाई, सगळे सारखे. पोलीसपाटलालाही एकदा बसली होती. पाटील खोकत खोकत म्हणाला, "तांडेल, सरकारी माणूस आहे मी." तर म्हणे, "मंग काय झालं, सरकारला बी पाठ असंलच की. हाय का न्हाय?"

"हाय का न्हाय" हे त्याचं पालुपद. उत्तराची वाट कधी बघायचा नाही.

आम्ही माळकरी. घरात मासळी शिजत नाही. हे त्याला शंभरदा सांगितलेलं, तरी चांगली मासळी घावली की हा ओट्याशी हजर. "वैनी, पापलेट बगा, चांदी हाय चांदी!" मी म्हणायची, "तांडेल, आम्हाला चालत नाही हो." क्षणभर खरोखर वाईट वाटायचं त्याला. मग म्हणायचा, "बरं, खाऊ नका. बगून तं घ्या." आणि आम्ही दोघं नवराबायको देवदर्शन घ्यावं तसं ते पापलेट बघून घ्यायचो. त्याशिवाय तो हलायचाच नाही.

असला माणूस. त्याला कुणी हात लावला तर तो किंचाळेल, असं कुणी मला त्या वेळी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

झालं ते असं. एका दिवाळीनंतर होडी परतत असताना वाऱ्याच्या झोतात शिडाचं आडवं लाकूड दोर तुटून खाली आलं, ते हिराजीच्या कमरेवर. होडी त्यानं तशीच किनाऱ्याला लावली म्हणतात, आणि लावल्यावर पडला. हाडवैद्य झाला, शेक झाले, लेप झाले. माणूस अंथरुणावर. मग कुणा जुन्या खलाशानं त्याला अफूची गोळी दिली. त्यात नवल काही नव्हतं. अलिबागेत सरकारी ठेक्याचं दुकान होतं, थंडीवाऱ्यात समुद्रावर जाणारे कितीतरी म्हातारे गोळी टाकत. खोटं कशाला बोलू, त्या गोळीनंच त्याला पहिल्यांदा उभा केला. होळीला तो परत होडीवर गेला, आणि त्याच्या बायकोनं, चांगुणानं, वाडीभर गूळ वाटला. मलाही दिला. मी खाल्ला.

आता ऐका, कोळी माणूस गोळी घेणार ती कशावर? भरतीवर. समुद्रात भरती लागली की हिराजी गोळी तोंडात टाकायचा. त्याचा सगळा दिवसच भरती-ओहोटीवर बांधलेला, तर गोळी वेगळी कशाला राहील? आणि अमावास्या-पुनवेला समुद्राला उधाण येतं, पाणी जास्त चढतं, तेव्हा हा दीड गोळी घ्यायचा. जशी भरती तशी गोळी. त्याला ते इतकं साधं वाटायचं की त्यानं ते कधी कुणाला सांगितलंही नव्हतं.

वर्ष गेलं, दोन गेली. गोळी हरभऱ्याएवढी होती ती वाटाण्याएवढी झाली. आणि एक दिवस तो बंडी घेऊन आला.

"वैनी, ही शिवन टोचते."

मी बंडी उलटी करून बघितली. टीप सरळ, दोरा कापलेला, एक सूत वर नाही. "कुठं टोचते?"

"काखंत. नि पाठीला."

मी काखेतली शिवण दुमडून परत घातली. चार दिवसांनी पुन्हा आला. आता गळा टोचत होता. मग गुंड्या. मग मांजरपाटच नको झाला, मलमल आणली. मलमलीची बंडी कोळ्याच्या अंगावर! तीही टोचायला लागली. शेवटी एकदा माझा तोल गेला. मी म्हटलं, "तांडेल, बारा वर्षं तुमची बंडी शिवतोय आम्ही. आताच काय आमच्या सुईला काटे फुटले? दुसरा शिंपी बघा." एरवी मी असं बोलले असते तर तो हसला असता, आणि ह्यांच्या पाठीत एक घालून गेला असता. त्या दिवशी हसला नाही. उभ्या उभ्या पाय बदलत होता. एकदा ह्या पायावर, एकदा त्या पायावर. डोळ्यांतली बाहुली मोहरीएवढी झालेली. हळूच म्हणाला, "रागवू नका वैनी. कपडा न्हाय टोचत. माज्या अंगालाच सगला टोचतो."

तेव्हा ह्यांनी यंत्र थांबवलं. बंडी घेतली, सगळ्या शिवणी उसवल्या आणि उलट्या घातल्या. दुमड बाहेर, गुळगुळीत बाजू आत. गुंड्या काढून मऊ नाड्या लावल्या. माप घ्यायला अंगाला टेप लावू देईना, म्हणून जुन्या बंडीवरूनच घेतलं. हिराजीनं ती अंगात घातली आणि किती दिवसांनी एक मोठा श्वास सोडला.

तिथून सगळं उताराला लागलं. आधी दुखायची ती कंबर. आता खांदे, मांड्या, टाळू, काही म्हणून सुटलं नाही. वाळूत पाय टाकला की तोंड वाकडं. चटईची एक काडी वर असली तरी उठून बसणार. वारा सुटला की घराच्या आडोशाला. वारा! ज्यानं उभा जन्म वाऱ्यात काढला त्याला वारा लागायला लागला. सुकाणूचं लाकूड हाताला भाजतं म्हणून तळहाताला फडकी गुंडाळायचा, मग तीही सहन होईनात. सुकाणू पोराच्या, नारायणाच्या हाती गेलं. आणि थाप? थाप घालायला त्याचा हातच उठेना. तो येणार म्हटलं की रस्त्यातली माणसं बाजूला व्हायची, न जाणो धक्का लागला तर. तो मधून चालायचा, दोन्ही हात अंगापासून लांब धरून. एका जागी म्हणून टिकत नव्हता. उभा राहिला की बसावंसं, बसला की उठावंसं. त्याच्याकडे बघून आमच्याही जिवाला स्वस्थता राहिली नाही. मी सुईत दोरा ओवायला घ्यायची आणि तशीच उठून दाराशी जायची.

वाडीत निरनिराळ्या गोष्टी निघाल्या. करणी झाली म्हणे. नवस राहिला म्हणे. हिराजीचं स्वतःचं मत पक्कं होतं. "दर्या शिरलाय माज्यात," म्हणायचा. "भरती लागायच्या आदी माज्या अंगात चढतो. नेम चुकत न्हाय वैनी. उधानाला तं जीव जातो माजा." समुद्रावर त्याचा असा राग की किनाऱ्याशी उभा राहून त्याला शिव्या घालायचा. कोळी माणूस समुद्राला शिव्या घालतो म्हणजे काय! चांगुणा कानांवर हात ठेवून घरात पळायची.

अशात नारायणाचं लग्न ठरलं. मुलगी रेवसची. तिचा बाप जोमा नाखवा, स्वतःच्या दोन होड्यांचा मालक, गोलमटोल, बोलता बोलता डोळ्यांत पाणी आणणारा, आणि समोर दिसेल त्याला मिठी मारणारा. सुपारी फोडायला रेवसची माणसं थळला आली तेव्हा शेजार म्हणून आम्हीही अंगणात होतो. चांगुणानं नवऱ्याला खांबाच्या आड कोपऱ्यात बसवलेलं, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. सुपारी फुटली. जोमा नाखवा उठला, "व्याही!" म्हणून ओरडला, खांबाला वळसा घालून गेला आणि त्यानं हिराजीला कवेत घेतलं.

ती किंकाळी मी विसरायची नाही. पुरुषाची किंकाळी. हिराजीनं दोन्ही हातांनी त्याला असा ढकलला की नाखवा नारळांच्या ढिगावर जाऊन पडला. नाखव्याला उठवलं, त्याची टोपी झटकून दिली. तो म्हणाला, "माज्या अंगाला काय रोग लागलाय काय? पोरीचा बाप म्हनून लाथाडता मना?" चांगुणानं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हाताऱ्या बाया मध्ये पडल्या. शेवटी ठरलं ते असं, की वैशाखात वरात रेवसला न्यायची. लग्नाआधी दोन्ही बाप गळ्यात गळा घालून भेटतात, ती व्याहीभेट सगळ्यांच्या देखत नीट झाली तर लग्न लागेल. नाहीतर, जोमा नाखवा म्हणाला, "पोर माजी घरात. तुमची वरात तुमच्या होडीत."

नारायण खाली मान घालून उभा होता. मुलगी त्याच्या मनातली होती हे सगळ्या वाडीला ठाऊक.

त्या दिवसापासून हिराजीला एकच घोर. येता-जाता विचारायचा, "वैनी, वैशाखाला किती दिस रायले?" मग स्वतःच मोजायचा आणि मोजता मोजता चालायला लागायचा.

अलिबागेत तेव्हा एक डॉक्टर होते, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग बघून नुकतेच सुटून आलेले. चांगुणा मला म्हणाली, "वैनी, मी कदी डागदराशी बोलली न्हाय. तुमी चला." मला दोरे आणायचेच होते. बैलगाडी केली, पण गाडीचे हिसके तांडेलाला सोसेनात. आम्ही दोघी गाडीत आणि तो सगळी वाट बाजूनं पायी, उलटी बंडी घातलेला, हात लांब धरून. डॉक्टरांच्या अंगावर जाडीभरडी खादी. ती बघूनच तांडेलाच्या अंगावर काटा आला. मला म्हणतो कसा, "हा मानूस ह्यो घालतो? नि मना बरा करनार?"

डॉक्टरांनी त्याला हात लावला नाही. लांबूनच विचारलं, "गोळी कधी घेता?"

"भरती लागली का."

"आणि दुखणं कधी चढतं?"

"भरतीच्या आदी. म्हनून तं गोली घेतो."

"उधाणाला?"

"उधानाला दीड. नि ती उतरली का मंग मरनच."

डॉक्टर म्हणाले, "लाकूड पडलं त्या वर्षी, गोळी सुरू व्हायच्या आधी, भरतीला दुखायचं का हो?"

हिराजी आठवायला लागला. "तवा? तवा सदाच दुकायचं. पन कमरेतच."

"समुद्राला तेव्हा भरती येत नव्हती का?"

तांडेल उभ्या उभ्या पाय बदलायला लागला.

"असं बघा, तांडेल. अफू दुखणं काढत नाही, झोपवते. आणि रोज रोज झोपवलेलं अंग दर वेळी जास्त हळवं होऊन उठतं. गोळी उतरायला लागली की दुखणं चढतं. तुम्ही गोळी भरतीला बांधलीत, म्हणून दुखणंही भरतीला येतं. आधी कंबर दुखत होती, आता मलमल दुखते. ते लाकडाचं दुखणं नाही. गोळीचं आहे. जितकी वाढवाल तितकं वाढेल."

हिराजी भडकला. "म्हंजे दवाच दुखनं? वा रे डागदर! आग लागली म्हनून पानी वतलं, तं म्हनं पान्यानंच आग लागली. चल गो चांगुना." आणि तरातरा बाहेर. चांगुणा उठली, तिला डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमच्याकडे घड्याळ आहे का?" चांगुणानं माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरांनी एवढंच सांगितलं. सध्या गोळी कमी करू नका, फक्त समुद्रावर देऊ नका. घड्याळावर द्या. सकाळी सहाच्या ठोक्याला आणि संध्याकाळी सहाच्या ठोक्याला. मग काय होतं ते त्यांनाच बघू द्या.

हिराजी तयार झाला तो डॉक्टरला खोटं पाडायला. "बगाच वैनी, दर्या काय घड्याल बगून यायचा न्हाय." सकाळ-संध्याकाळ तो आमच्या ओट्याशी यायचा, मागोमाग चांगुणा पदरात गोळी घेऊन. पहिले दोन-तीन दिवस भरतीही साधारण त्याच सुमाराची होती. दुखणं चढायचं, पाणी चढायचं, ठोके पडायचे. तांडेल माझ्याकडे बघून म्हणायचा, "काय सांगितलं? हाय का न्हाय?"

पण भरती रोज थोडी पुढं सरकते. घड्याळ जागचं हलत नाही. काही दिवस गेले आणि एका संध्याकाळी तो ठोक्यांच्या आधीच येऊन ओट्याशी येरझारा घालायला लागला, दात आवळून, कपाळावर घाम. मध्येच थांबला. समोर समुद्राकडे बघत राहिला. पाणी पार लांब गेलेलं, होड्या चिखलात कलंडलेल्या.

"वैनी," तो म्हणाला, "दर्या उतरलाय."

"दिसतंय की."

"नि माज्यात चढलाय."

मी हातातलं कापड खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी भरदुपारी भरती होती, आणि चांगली मोठी. हिराजी आमच्या ओट्यावर येऊन बसला. अंग चोरून, वाट बघत. पाणी आलं, होड्या तरंगल्या, पाणी परत फिरलं. त्याला काही झालं नाही. म्हणजे नेहमीचं होतं तेवढं होतं, पण चढलं काही नाही. सहाला तासभर राहिला तेव्हा मात्र बरोबर चढलं. तो खाली बघत म्हणाला, "उगा शिव्या घातल्या त्याला." आणि दुसऱ्या दिवशी, सण नाही, पुनव नाही, काही नाही, एक नारळ घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला आणि समुद्राला देऊन आला. लोक म्हणाले, तांडेलाचं डोकं फिरलं. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हा माणूस वाचेल.

मग गोळी कमी करायची सुरुवात झाली. एकदम नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकदम सोडाल तर जिवावर बेतेल. नखानं कुरतडल्यासारखी थोडी थोडी. तरी काय हाल! जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, पोट बिघडलेलं, पाय तर क्षणभर बसू द्यायचे नाहीत. आणि दुखणं कमी होण्याऐवजी आधी वाढलं. कपडा नको, चटई नको, माणसाचा आवाज नको. आमच्या ओट्यापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून ओट्यापर्यंत, सारखा आपला चालतोय. वाळूत त्याची पायवाटच पडली. मध्ये मध्ये येऊन घड्याळाकडे बघायचा आणि माझ्यावर डाफरायचा, "तुमचा घड्याल लंगडा हाय वैनी! मुद्दाम हलू चालतो." मी म्हणायची, "असू दे लंगडा. पोचतो ना?" वर हसायची, आणि आत जाऊन डोळे पुसायची. का हो त्या माणसावर ही वेळ यावी!

ह्यांना तर बघवेना. एकदा मी आतून आले तर हे स्टुलावर चढलेले, घड्याळाचं दार उघडून काटा पुढे सरकवताहेत. मी मनगट धरलं. हे म्हणाले, "अगं, अर्ध्या तासानं काय बिघडतंय? बघ ना कसा करतोय." मी म्हटलं, "खाली उतरा आधी." उतरले. यंत्राशी बसले, आणि बराच वेळ नुसतं चाक फिरवत राहिले, कापड न घालता.

चैत्र गेला. गोळी मुगाएवढी, मग मोहरीएवढी. एका सकाळी बघते तर हिराजी ओट्याच्या कडेला टेकून बसलेला. टेकून! ओट्याचा दगड खरबरीत, आणि ह्याची पाठ त्याला लागलेली. मी मान खाली घालून काज करत राहिले, त्याच्या ध्यानात येईल म्हणून. त्याला कळलं नसावं. पण हे सगळं एका रेघेत झालं असं समजू नका. दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी परत तेच. लग्नाच्या आदल्या दिवशी हळदीला चांगुणानं बोटाच्या टोकानं त्याच्या गालाला हळद लावली तर तो मागे सरला. तिचं बोट तसंच हवेत राहिलं.

लग्नाच्या सकाळी होड्या सजल्या. मी तांडेलासाठी नवी बंडी शिवली होती, दुहेरी मलमलीची, शिवणी अर्थातच बाहेर, पण त्या झाकायला वरून लाल फीत लावलेली. ती द्यायला गेले तर चांगुणा दाराआड मला ओढून म्हणाली, "वैनी, बंद करून आठ दिस झाले. पन एक गोली रायलीय माज्याकडं. आजचा दिस देऊ का? भेट तेवरी होऊन जाईल. पोराचं लगीन हाय वो." तिच्या पदराच्या गाठीत ती होती. नको म्हणावं तर तिकडे लग्न मोडेल, दे म्हणावं तर सगळं केलेलं पाण्यात. "मला नको विचारूस," मी म्हटलं. "त्यांना विचार."

तो मागेच उभा होता. त्यानं हात पुढे केला, गोळी तळव्यावर घेतली आणि बघत राहिला. मी देवाचं नाव घेत होते. "ही घेतली," तो म्हणाला, "तं व्याही मना भेटंल का गोलीला?" आणि गोळी तिच्या हातावर परत ठेवली.

त्या दिवशी सुकाणूवर तोच बसला. तळहाताला फडकं नाही. नारायण बाशिंग बांधलेला, बापाच्या हाताकडे सारखा बघत होता. मांडव्याचं बंदर मागे पडल्यावर चांगुणानं पदराची गाठ सोडली आणि हात होडीबाहेर धरून पाण्यात झटकला. रेवसचा धक्का दिसायला लागला. वाजंत्री, माणसं, आणि सगळ्यांच्या पुढे जोमा नाखवा, नवी टोपी घातलेला. त्याचंही तोंड उतरलेलं होतं, अगदी खरं सांगते. त्याला काय हौस होती लग्न मोडायची?

धक्क्यावर उतरल्यावर हिराजीनं बंडीच्या नाड्या सोडल्या. बंडी काढली आणि माझ्या हातात दिली. "वैनी, धरा जरा." आणि उघड्या अंगानं पुढे गेला.

दोन व्याही समोरासमोर उभे राहिले. वाजंत्री थांबली. जोमा नाखव्यानं हात पसरले खरे, पण ते तसेच राहिले. पुढे यायचा धीर होईना. म्हणाला, "व्याही, दुकंल तुमाला."

"दुकू दे," हिराजी म्हणाला. "लाव की रं हात."

आणि त्यानं स्वतःच नाखव्याला कवेत घेतलं. जोमा नाखव्याचे जाडजूड हात त्याच्या उघड्या पाठीवर बसले, नाखवा आपल्या सवयीनं रडायला लागला आणि रडता रडता अजून आवळायला लागला. मला तांडेलाचं तोंड दिसत होतं, नाखव्याच्या खांद्यावरून. डोळे घट्ट मिटलेले, जबडा आवळलेला, गालांवरून पाणी. मी ती बंडी हातात पिळून पिळून चोळामोळा केली. आता किंचाळेल, आता ढकलेल. नाही ढकललं. डोळे उघडले, एक हात सुटा केला, उंच नेला, आणि जोमा नाखव्याच्या पाठीत अशी थाप घातली की त्याची नवी टोपी उडून धक्क्याखाली पाण्यात गेली.

"बरा हाय ना, व्याही?"

काय हसली माणसं! खोकत खोकत नाखवाही हसला. हे माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी आपसूक आपली पाठ चाचपली आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

पाऊस लागायच्या आधी एका दुपारी हिराजी दुकानात आला. वरातीनंतर लगेच होड्या वर ओढायचं काम, त्यामुळे कुणाला दिसला नव्हता. म्हणाला, "शिंपीदादा, बंडी शिव. मांजरपाटाची. नि शिवन आतल्या अंगाला घाल, सगल्यांची असते तशी."

ह्यांनी टेप घेतला आणि जुनी बंडी शोधायला लागले, माप घ्यायला. हिराजीनं त्यांना थांबवलं आणि स्वतःच हात वर करून उभा राहिला. ह्यांनी टेप छातीभोवती फिरवला. खांद्याला लावला, पाठीला लावला. कमरेशी आला तेव्हा तांडेलाचं तोंड जरासं वाकडं झालं. हे चटकन थांबले.

मी विचारलं, "अजून दुखतंय, तांडेल?"

"दुकतंय की," तो म्हणाला. "लाकूड पडलंवतं वैनी, दुकनार न्हाय? पन आता जेवढं हाय तेवढंच दुकतं."

आणि ह्या वेळी उत्तराची वाट बघत थांबला. "हाय का न्हाय?"

"हाय," मी म्हटलं.